बोरू हलायचा थांबेपर्यंत

त्या देशात आभाळ अमाप होतं आणि उतरायला जागा एकच होती.

जागा म्हणजे एक पट्टी. कडक, तांबूस जमिनीची. लांबीला भरपूर, पण रुंदीला इतकी बेताची की दोन करकोचे शेजारी उभे राहिले तर त्यांचे पंख एकमेकांना घासावेत. पट्टीच्या दोन्ही अंगांना दलदल होती. वरून हिरवीगार, बघणाऱ्याला वाटावं की कोणी गालिचाच अंथरून ठेवलाय. पण पाय टेकला की पोटापर्यंत आत, आणि पोट गेलं की बाकीचं जायला वेळ लागत नसे. दलदलीत बोरूचं रान माजलं होतं. बोरू असा पोकळ आणि लवलवता की त्यावर चिमणीलासुद्धा बूड टेकता येत नसे. पट्टीच्या पार टोकाला मात्र जुनी राई होती. तिथे सावली, गोड पाण्याची डबकी, किडेमकोडे, दाणे, सगळ्या हिवाळ्याची सोय होती. पण राईवर फांद्यांचं छप्पर असं दाट विणलेलं की वरून आत शिरणं कोणालाच जमत नसे. आत जायचं तर पायी, आणि पायी जायचं तर आधी पट्टीवर उतरायला हवं.

पट्टीच्या अलीकडच्या टोकाला बगळा उभा असे, एका पायावर. त्याचे वडील तिथेच उभे राहिले, आजोबाही तिथेच. आजोबांनी घालून दिलेला नियम सोपा होता: ज्याची हाक आधी, त्याचा पाय आधी. डोंगरापलीकडून येणाऱ्याने वरून हाक द्यायची, बगळ्याने ती लक्षात ठेवायची आणि त्याच क्रमाने एकेकाला खाली बोलवायचं. आजोबांच्या काळात दिवसाला चार-सहा पक्षी यायचे. नियम छान चालला.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यात दुसरा नियम मिळाला. एक तुतवार, मूठभर जीव, एका झोळीवाल्याच्या पाठोपाठ उतरायला आला. झोळीवाले म्हणजे चोचीखाली पिशवी लोंबणारे, येणाऱ्यांत सर्वांत वजनदार. त्यांनी पंख मारले की मागे वाऱ्याचा भोवरा सुटतो, तो दिसत नाही पण बराच वेळ जागच्या जागी गरगरत राहतो. तुतवार त्यात सापडला, उलटापालटा झाला आणि पट्टीबाहेर फेकला गेला. तो जिथे गेला तिथे आता एक उंच बोरू उभा होता. त्या दिवसापासून ठरलं की कोणीही उतरलं की बगळ्याने शंभर मोजायचे आणि मगच पुढच्याला बोलवायचं. झोळीवाला उतरला तरी शंभर आणि चिमणी उतरली तरी शंभर. बगळा सावकाश मोजायचा. भीती बसली होती त्याच्या मनात, आणि भीती बसलेल्या माणसाला कोणी घाई कर म्हणत नाही.

पट्टीच्या कडेला, खडकाळ भागात, टिटवी राहत होती. घर म्हणजे काय, खड्यांचं एक गोल कुंपण आणि मधे ती. उतरणारा प्रत्येक जण तिच्या दारावरूनच राईकडे जायचा, आणि टिटवीला कोणालाही नुसतं जाऊ देणं जमत नसे. कुठून आलात, किती दिवस लागले, वाटेत काय मिळालं, मागच्या वर्षी सोबत थोरली मुलगी होती ती दिसत नाही, हा पंख असा का धरलाय. लोक कंटाळून जात. उत्तर मात्र देत, कारण इतक्या लांबून आल्यावर कोणीतरी विचारलं तर बरंच वाटतं.

ती झोपायचीही पाठीवर, पाय वर करून. त्यावरून राईत तिची फार टिंगल होई.

"पाय खाली घे की, टिटवीबाई," जाता जाता कोणीतरी म्हणायचं. "आभाळ तुझ्याच पायांवर टेकलंय का?"

"टेकलंय असं कुठे म्हणते मी," ती म्हणायची. "पण पडलंच तर कोणाच्या डोक्यावर पडेल ते बघायला नको?"

खरं कारण साधं होतं. वर कोणी उतरायचं राहिलेलं असलं की तिला पाय आवरून निजायला होत नसे.

तिची जिवाची मैत्रीण म्हणजे धोबीण. काळी-पांढरी, शेपूट सतत वरखाली हलवणारी, वजनाने दोन सुक्या पानांएवढी. दर हिवाळ्यात ती राईत न जाता टिटवीच्या कुंपणाला लागूनच मुक्काम ठोकायची. गेल्या हंगामात निघताना तिने कुठूनसा एक पांढराशुभ्र, वाटाण्याएवढा खडा आणून टिटवीच्या कुंपणात बसवला होता. "मी नसताना कोणाची तरी विचारपूस करायला हवी ना तुला," ती म्हणाली होती. "याला विचार." टिटवीने त्या खड्याला खरोखरच वर्षभर बरंच काही विचारलं.

या वर्षी धोबिणीला उशीर झाला होता. आणि या वर्षी आभाळात कधी नव्हे ती गर्दी होती.

गर्दीचं कारण पक्षी वाढले हे तर होतंच, पण त्याहून मोठं कारण हाक होती. आधी हाक देईल तो आधी उतरेल, हे एकदा सगळ्यांना नीट कळल्यावर हाका दुरून येऊ लागल्या. पहिल्यांदा पट्टी दिसली की हाक. मग पट्टी दिसायच्या आधी. मग शेवटचा डोंगर ओलांडण्याच्या आधी. झोळीवाल्यांनी तर एका कावळ्याला पुढे धाडून सगळ्या घराण्याच्या हाका आगाऊ देऊन ठेवल्या; त्यातले काही अजून आपल्या तळ्यावर मासे खात होते. बगळा बिचारा नियमाने चालणारा. ज्याची पाळी त्याला तो हाक मारायचा, शंभर मोजायचा, पुन्हा हाक मारायचा. पट्टी रिकामी पडून राहायची. आणि वर, अगदी डोक्यावर, दमलेले पक्षी घिरट्या घालत राहायचे.

त्या दिवशी दुपारी वर पाहिलं तर आभाळात पक्ष्यांचं एक मोठं जातं फिरत होतं. एकावर एक वर्तुळं. खालच्या वर्तुळात करकोचे, त्यावर चक्रवाक आणि बदकं, कडेकडेने पाकोळ्या आणि चिखल्ये. राईतून माणसं, म्हणजे आधी उतरलेले पक्षी, टोकाशी येऊन उभे राहिले आणि बगळ्याला बोलू लागले. कोणाचा नवरा वर होता, कोणाची आई.

"आजोबांचा नियम आता पुरे," ते म्हणाले. "तू शहाणा आहेस. सगळ्यात चांगला क्रम कुठला ते शोधून काढ आणि त्याप्रमाणे उतरव."

बगळ्याने मान हलवली आणि तो ओल्या मातीत चोचीने रेघा मारायला लागला. तो प्रामाणिक होता. सगळ्यात चांगला क्रम शोधायचा म्हणजे सगळे क्रम तपासायचे, एकही न सोडता. त्याने आधी खालच्या वर्तुळातले सहा जण घेतले. सहा जणांच्या रांगा किती होतात? सातशे वीस. तो एकेक रांग लिहायचा, मनात उतरवून बघायचा, पुसायचा. तीनशेव्या रांगेपर्यंत आला तेव्हा खालच्या वर्तुळात सातवा येऊन मिळाला. बगळ्याने पुन्हा हिशेब मांडला. पाच हजार चाळीस.

तो रेघांकडे बघत उभा राहिला. तेवढ्या वेळात पट्टीवर एकही पाय टेकला नव्हता.

टिटवी हे सगळं कुंपणातून बघत होती, आणि नुसतं बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तुरुतुरु चालत त्याच्याजवळ आली.

"बगळेदादा, एक विचारू?"

"विचारू नका म्हटलं तर थांबणार आहात का?"

"चिमणी उतरते तेव्हा तो बोरू हलतो का हो कधी?"

बगळ्याने तिच्याकडे पाहिलं. कोणता बोरू हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"नाही हलत," टिटवीच म्हणाली. "तीन हिवाळे बघतेय मी. झोळीवाला उतरला की तुमचे शंभर होईपर्यंत हलतो. करकोचा उतरला तरी तसंच. चिमणी, चिखल्या, पाकोळी उतरली तर पानसुद्धा हलत नाही. मग त्यांच्यामागे शंभर कशाला मोजता? दहा पुरे झाले. आणि मोठ्यामागे मोठाच आला तर त्याला भोवऱ्याचं काय? अण्णा झोळीवाल्यांना विचारलं होतं मी गेल्या वर्षी. म्हणाले, पोटाला गुदगुल्या होतात. चाळीस मोजा त्यांना. शंभर लागतात ते फक्त मोठ्यामागे लहान आला तर."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, टिटवीबाई."

"नियम आहे हो सारखा. वारा नाही ना."

बगळ्याने पुन्हा मातीतल्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तरी क्रम लावायला पाहिजेच. पाच हजार चाळीस रांगा आहेत."

"सगळ्या कशाला बघायच्या," टिटवी म्हणाली आणि आपल्या कुंपणाकडे गेली.

तिने घराचे खडे उचलून आणले. मोठ्या पक्ष्यासाठी लिंबाएवढा, लहानासाठी सुपारीएवढा. हाक ऐकून नाही, मान वर करून. जो डोळ्यांना दिसला त्याचाच खडा. त्यामुळे तळ्यावर मासे खाणाऱ्यांचा प्रश्न आपोआप मिटला. पट्टीच्या कडेला तिने खड्यांची रांग मांडली, जसे आले तशी. मग शेजारशेजारचे दोन खडे उचलून अदलाबदल केली आणि विचारलं, "आता मोजणी कमी होते का?" बगळ्याने बेरीज केली. झाली कमी. राहू दिली तशीच. पुढची जोडी. नाही झाली कमी, परत जागच्या जागी. डाळीतले खडे निवडावेत तशी ती बसल्या बसल्या रांग चाळत होती. थोड्याच वेळात लहान खडे सगळे पुढे आले आणि मोठे सगळे मागे गेले. सगळ्यात चांगली रांग हीच का, ते कोणी तपासलं नाही. आधीच्यापेक्षा पुष्कळ बरी होती एवढं दिसत होतं.

बगळ्याने पहिल्या पाकोळीला बोलावलं आणि दहाच मोजले. दहाव्याला त्याचा आवाज जरा कापला. पण बोरू स्थिर होता.

मग पट्टी वाहायला लागली. पाकोळ्या, चिखल्ये, तुतवारांची एक जोडी, एकामागे एक. नंतर करकोचे, चाळीस-चाळीस मोजत. राईच्या टोकाशी नुसती भेटीगाठींची गर्दी झाली. कोणी रडत होतं, कोणी उशिरावरून भांडत होतं, आणि टिटवीला तिच्या जन्मात पहिल्यांदा कोणाचीही चौकशी करायला सवड नव्हती.

दुपार कलताना वरून एक बारीक आवाज आला. दोन तुकड्यांत तुटणारा. टिटवीने मान वर केली. धोबीण आली होती. एवढ्या उंचीवरूनही तिचं शेपूट हलताना दिसत होतं.

टिटवीला इतकं हलकं वाटलं की ती दोन पावलं उगाचच धावली. मग तिने कुंपणातला पांढरा खडा उचलून आणला आणि रांगेत ठेवला. पण तोवर लहान सगळे उतरून झाले होते आणि मोठ्यांची रांग चालू होती. मोठ्यामागे लहान घ्यायचा तर शंभर. एका धोबिणीसाठी शंभर मोजायचे, तेवढ्यात दोन करकोचे उतरून तिसरा पंख मिटतो. टिटवीने पांढरा खडा मोठ्यांच्या मागे ठेवला. मोठे संपले की मग ती.

मोठे संपेनात. दोन चक्रवाक आले, ते मोठ्यांत गेले. पांढरा खडा मागे सरकला. करकोच्यांचा उरलेला थवा आला. पांढरा खडा मागे. मग झोळीवाल्यांचं घराणं आलं, त्यांत अण्णा झोळीवाले, म्हातारे, मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. पांढरा खडा आणखी मागे.

एकदा बगळ्याने विचारलं, "ही धोबीण तुमची ना?"

"माझीच आहे," टिटवी म्हणाली. "थांबेल ती. आपल्याच माणसाला थांब म्हणायला काय लागतं?"

राईच्या टोकाशी शंभर डोळे खड्यांकडे लागले होते. आपल्या मैत्रिणीला टिटवीने पुढे घेतलं असं कोणी म्हणू नये, याची तिला त्या दिवशी फार काळजी होती. आणि खोटं कशाला, रांग जुळल्याचा आनंदही होता. लिंबाएवढे खडे कसे ओळीत बसले होते. त्यांच्यामध्ये वाटाणा ठेवायला तिचा पाय धजत नव्हता.

सूर्य बोरूच्या शेंड्यांपासून हातभर वर राहिला, तेव्हा एक करकोचीण उतरून तिच्यासमोरून चालत गेली. टिटवीने सवयीने विचारलं, "प्रवास बरा झाला ना?"

"झाला हो," करकोचीण म्हणाली. "वर एक धोबीण आहे. मघाशी माझ्या बाजूने फिरत होती. शेपूट हलवायची थांबलीये आता."

टिटवीने मान वर केली. दुपारपासून ती खड्यांकडेच बघत होती, नवा कोण आला यापलीकडे वर बघायचं राहूनच गेलं होतं. आभाळात झोळीवाले पंख पसरून आरामात तरंगत होते. तापलेल्या हवेवर त्यांना पंखही हलवावे लागत नाहीत, हे तिनेच कधीतरी विचारून घेतलं होतं. आणि त्यांच्या वरच्या बाजूला एक ठिपका होता. तो तरंगत नव्हता. पंख मारायचा, थोडा वर यायचा, मग पंख मिटून खाली घसरायचा, पुन्हा मारायचा. प्रत्येक वेळी खाली जास्त घसरत होता आणि वर कमी येत होता.

टिटवीने रांगेकडे बघितलं. पांढरा खडा सगळ्यांत शेवटी होता. तो किती वेळा मागे सरकवला ते तिने बोटांवर मोजलं. सात वेळा. तिच्या स्वतःच्या पायाने.

"बगळेदादा," ती म्हणाली, "हिला आता घ्यायचं."

बगळ्याने पट्टीकडे बघितलं. नुकताच एक झोळीवाला उतरून चालू लागला होता. बोरू गदागदा हलत होता. वर अण्णा आणि त्यांचे चार जण. बोरूच्या मुळाशी पांढरट धुकं जमायला लागलं होतं. सूर्य टेकला की ते पट्टीवर चढतं, आणि मग सकाळपर्यंत पट्टी दिसत नाही.

"आता घेतली तर शंभर मोजावे लागतील," तो म्हणाला. "तिच्यामागून अण्णांना दहा. म्हणजे पाचही झोळीवाल्यांना सत्तर उशीर. धुकं सत्तराच्या आधी येईल की नंतर, ते मला मोजता येत नाही, टिटवीबाई."

रांग टिटवीला सांगत होती की धोबीण शेवटी. शेवटी म्हणजे धुक्यात. तिने पांढरा खडा उचलला आणि रांगेच्या तोंडाशी नेला, पण तिथे अण्णांचा खडा होता. तो सरकवण्याआधी तिने तेच केलं जे तिला करता यायचं. मान वर करून विचारलं.

"अण्णा, दमलात का हो?"

वरून खोकल्यासारखा आवाज आला. "दमायला काय झालंय? पोटात मासा आहे, पंखाखाली ऊन आहे. माझी पाळी आली ना?"

"आलीये. पण तुमच्या वर एक धोबीण आहे. तिला तुमच्या आधी घेऊ का? तुमच्यामागे नाही यायची ती, तुमचा भोवरा सोसायचा नाही तिला. आधी आली तर तिच्यामागे तुम्हाला दहाच मोजावे लागतील."

अण्णांनी मान वाकडी करून वर बघितलं. बहुधा ती वर आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

"एवढ्याशा जिवाला ठेवलंय कुठे तुम्ही दुपारपासून?" ते म्हणाले.

टिटवीने पांढऱ्या खड्याकडे बघितलं.

"घ्या तिला," अण्णा म्हणाले. मग पाठीमागच्या चौघांना ओरडले, "ए, बाजूला सरका जरा. आणि पंख झोडू नका, नुसते पसरून ठेवा. बाई यायचीये मधून."

पाच झोळीवाले बाजूला झाले. आभाळात मधोमध एक वाट पडली. ठिपका त्या वाटेने खाली येऊ लागला, आला म्हणण्यापेक्षा घसरू लागला.

आणि बोरू अजून हलत होता.

बगळा मोजत होता. चाळीस. एकेचाळीस. धोबीण पट्टीच्या तोंडाशी येऊन पोचली, इतकी खाली की तिच्या पोटावरची पांढरी पिसं दिसत होती. तिने टिटवीला पाहिलं.

"येऊ का गं, ताई?"

"थांब," टिटवी म्हणाली.

तो शब्द तिने दिवसभर किती सहज वापरला होता. आता तो तिच्या तोंडातून काट्यासारखा निघाला. धोबीण वळली. एक लहानसं वर्तुळ घेतलं. पंखांचा फडफडाट खालून ऐकू येत होता, ओल्या कापडासारखा. साठ. एकसष्ट. बगळा इतका सावकाश मोजत होता की टिटवीला वाटलं त्याला चोच मारावी. पण बोरू हलत होता, आणि त्या बोरूच्या मुळाशी कोण आहे हे तिघांनाही माहीत होतं.

"ताई, मला आता वळता नाही यायचं."

"एक वळण घे. एकच. मी बघतेय ना."

धोबीण वळली. सत्त्याऐंशी. बोरूचा शेंडा एकदा डावीकडे गेला, अर्धा परत आला, आणि उभा राहिला. तो उभाच राहिला.

"शंभर झाले नाहीत अजून," बगळा म्हणाला. मग त्याने बोरूकडे पाहिलं, आणि आजोबांच्या जागेवर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा आकडा मधेच सोडला. "ये गं बाई," तो म्हणाला. "ये."

धोबीण उतरली. पाय टेकल्यावर ती दोन-तीन उड्या पुढे गेली, एका अंगावर कलंडली आणि सरळ झाली. पट्टीवर तिचा आवाजसुद्धा झाला नाही. बोरू हलला नाही. बगळ्याने दहा मोजले आणि अण्णा झोळीवाले मागून धप्पकन उतरले. पट्टी अरुंद. धोबीण पुढे, एकेक पाऊल थांबत चाललेली, आणि तिच्यामागे अण्णा, हत्तीएवढं अंग सांभाळत, तिच्या चालीने चाललेले. राईच्या टोकाशी उभे असलेले सगळे ते बघत होते. कोणी हसलं नाही.

मागचे चौघे चाळीस-चाळीस करत आले. शेवटचा उतरला तेव्हा धुकं बगळ्याच्या घोट्याला लागलं होतं. आणखी दोन झोळीवाले असते तर काय झालं असतं, ते कोणी बोललं नाही. नव्हते, एवढं खरं. बगळ्याने वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पोटाशी धरलेला दुसरा पाय हळूच खाली सोडला आणि जमिनीवर टेकवला.

धोबीण टिटवीच्या दारात येऊन बसली. दारात म्हणजे नुसत्या जागेवर, कारण कुंपण सगळं पट्टीच्या कडेला रांगेत पडलं होतं. टिटवीने पाण्यातला एक किडा आणून तिच्यापुढे ठेवला आणि बाजूला उभी राहिली. तिला विचारायला खूप होतं. वाट कशी होती, वजन किती उतरलंय, पिल्लं किती वाचली. तिने फक्त किडा आणखी जवळ सरकवला.

धोबिणीने किडा खाल्ला. मग म्हणाली, "मला आपली म्हणून मागे ठेवलंस ना?"

"हो."

"पुढच्या वर्षी परकी समज हं," ती म्हणाली, आणि दुपारनंतर पहिल्यांदा तिचं शेपूट हललं.

बगळा धुक्यातून चालत आला. त्याला चालताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. तो खड्यांच्या रांगेपाशी उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "टिटवीबाई, उद्या पुन्हा लागतील ना हे?"

"लागतील."

"मग एक सांगतो. उद्या कोणाचाही खडा दोन घरांच्या वर मागे सरकवायचा नाही. रांग थोडी लांबली तर लांबू दे. मी मोजीन."

"आणि प्रत्येक वेळी सरकवताना मी वर बघीन," टिटवी म्हणाली.

मग तिघांनी मिळून खडे उचलून आणले. लिंबाएवढे खाली, सुपारीएवढे त्यांच्या फटींत. कुंपण पुन्हा गोल झालं. पांढरा खडा धोबिणीने स्वतः आणला, बराच वेळ इकडेतिकडे ठेवून बघितला आणि दाराशी, सगळ्यांत पुढे बसवला.

राईतून झोपण्याआधीची किलबिल येत होती. अण्णांचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. ते कोणाला तरी सांगत होते की आपण कसे एका बाईच्या मागून चालत आलो. टिटवी कुंपणात गेली आणि सवयीने पाठीवर पडून पाय वर केले. धुक्याच्या वर अजून थोडं तांबडं आभाळ दिसत होतं. तिने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं, आणि मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूने. त्यात कोणीही नव्हतं.

टिटवी कुशीवर वळली, एकेक करून दोन्ही पाय पोटाखाली घेतले, आणि डोळे मिटले.